आठवं पत्र कोरं होतं

३ मार्च, सोमवार

आज मला नोकरी लागली. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण शून्य, आणि शून्य आहे म्हणूनच लागली. असं भाग्य किती जणींच्या वाट्याला येतं!

झालं असं की संग्रहालयाने नवी वेबसाइट काढली आहे. ती सगळ्यांना जमते का हे बघायला सहा माणसं बोलावली आहेत. त्यात एकाला दिसत नाही, एकाचा हात थरथरतो, एक जण नुसता घाईत असतो, आणि एक मी, जिला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझं नाव आमच्या चिमणीने सुचवलं. चिमणी म्हणजे माझी नात. उंचीने दाराच्या चौकटीला लागते, पण नाव पडलं ते पडलं. ती तिथेच कामाला आहे, सोशल मीडियाचं पान सांभाळते. फोटो टाकायचे आणि लोकांनी किती बदाम दिले ते मोजायचे, याचा म्हणे पगार मिळतो.

मला वाचता येत नाही हे तिला गेल्या वर्षी कळलं. मी खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि पेपरातले पुढारी डोक्यावर उभे होते. कार्टीने आधी फोटो काढला, पोट धरून हसली, मग गळ्यात पडली. त्याआधी पन्नासच्या वर वर्षं घरात कुणालाही पत्ता नव्हता. चष्मा सापडत नाही, डोळे चुरचुरतात, तूच वाच गं, तुझा आवाज गोड आहे. संसार असाच निभावला.

संग्रहालयातली खोली छान आहे. लांब टेबल, पांढऱ्या भिंती, खुर्ची अशी मऊ की उठताना दोघी लागतात. तपासणी करणारी बाई बाहेरून आली आहे, दोन चष्मे वापरते, एक डोळ्यांवर आणि एक केसांत. तिने मला काचेची पाटी दिली, घरीही न्यायची. या वयात पाटी! बोललं की ती लिहून घेते. रोज काय पाहिलं, कुठे अडलं, मनात काय आलं, सगळं तिला सांगायचं, आणि बाणाचं चित्र दाबलं की त्या दिवसाचं पान कचेरीत चिमणीला दिसतं. कानाच्या चित्रावर बोट ठेवलं तर पाटी लिहिलेलं वाचूनही दाखवते. बाईचा आवाज आहे, नाकाला चिमटा लावल्यासारखा.

बाण दाबते आता. चिमणे, दिसलं का गं?

४ मार्च, मंगळवार

पहिलं काम, संग्रहालय किती वाजता उघडतं ते शोधा. मी म्हटलं, त्यापेक्षा दारावरच्या माणसाला विचारीन. तपासणीवाल्या बाईंनी हे लिहून घेतलं, म्हणाल्या की हे फार महत्त्वाचं आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं असा इथला नियम. घरी हेच केलं की सून उठून जाते.

एका कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत. मला वाटलं पायऱ्या, म्हणजे वर जायचं असेल. तो म्हणे यादीचा दरवाजा. शोधायचं भिंग मला पळी वाटली. चिमणी तोंडावर हात ठेवून हसत होती, मी तिला डोळ्यांनी दटावलं. आपण इथे कामावर आहोत.

मग सोशल मीडियाचं पान. रंगीत आहे, बोटाने सरकवत राहावं. जुनी भांडी, घड्याळं, टोप्या. आणि त्यात एक पत्र्याचा डबा, बिस्किटांचा. झाकणावर दोन हंस, त्यातल्या एकाचं डोकं खरवडलेलं.

मी सरकवलं पुढे. बाईंनी विचारलं, मनात काय आलं? मी म्हटलं, काही नाही, डबा छान आहे.

ते डोकं मीच खरवडलं होतं, नखाने.

हे पान पाठवत नाही. चिमणीला सांगते की बाण अडकतो. त्यांच्या चुकांच्या यादीत एकीची भर.

५ मार्च, बुधवार

कुणाला तरी सांगायला हवं, तर पाटीला सांगते. हिला तोंड नाही. म्हणजे आहे, पण विचारल्याशिवाय उघडत नाही.

मला एक धाकटी बहीण होती. घरकामाला एक पोरगी लागायची म्हणून मला घरी ठेवलं आणि तिला शाळेत घातलं. माझं लग्न ठरवताना वडिलांनी मुलीला लिहिता-वाचता येतं असं ठोकून दिलं. मग धाकटीला सांगितलं, हिला महिनाभरात शिकव. तिने बिचारीने जीव तोडून शिकवलं. माझ्या डोक्यात काही शिरेना आणि लहान बहिणीपुढे ते कबूल करायची लाज. मी धडा पाठ केला आणि बोट फिरवत म्हणून दाखवला. तिने टाळ्या पिटल्या. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ताईला वाचता येतं.

दुसऱ्या वर्षी तिचंही लग्न झालं, लांब. तिची पत्रं यायला लागली, माझ्या नावाने. पहिलं आलं तेव्हा सासूबाई, जावा, नणंदा माझ्याभोवती बसल्या, वाच म्हणाल्या. मी बोट फिरवलं आणि वाचलं: मी मजेत आहे. बागेत गुलाब फुलले आहेत. मांजरीला तीन पिल्लं झाली. सासूबाई माझे लाड करतात. काळजी करू नकोस. सगळ्या खूश झाल्या.

अशी सात पत्रं आली. सात वेळा बाग फुलवली मी. मग तार आली, ती मात्र सासऱ्यांनी वाचली. धाकटी तापाने गेली. सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, अगं, पण पत्रात तर किती मजेत होती.

पत्रं मी हंसांच्या डब्यात ठेवली. पुढे चिमणीला दुपारी निजवताना तीच काढून तीच बाग वाचायची. ती तेव्हा इतकी लहान की डबा, अक्षर काही आठवत नाही तिला, फक्त बाग आठवते. ती त्या बहिणीला बागवाली मावशीआजी म्हणते. गेल्या वर्षी माझं गुपित फुटलं तेव्हा तिला सांगितलं, पत्रं शेजारणीने वाचून दिली होती, मी पाठ केली. सात वर्षांपूर्वी संग्रहालयवाले जुन्या वस्तू गोळा करत होते तेव्हा डबा त्यांच्या फाटकावर दिला. नाव सांगितलं नाही. चिमणीला सांगितलं, पत्रं घर बदलताना हरवली.

डबा गेला की लाजही जाईल, असं वाटलं होतं.

६ मार्च, गुरुवार

आजचं काम, जुन्या पत्रांचं पान उघडा आणि एक पत्र ऐका. कानांवर टोप्या चढवल्या. फक्त मलाच ऐकू येणार. पहिल्या चित्रात शाईचा डाग. तो मी आंधळी झाले तरी ओळखीन. कानाचं बटण दाबलं.

नाकाला चिमटा लावलेला तो आवाज म्हणाला, ताई, हे फक्त तूच वाच. कुणाला दाखवू नकोस. मला इथे वरच्या खोलीत ठेवतात आणि बाहेरून कडी घालतात. तू ये. नाहीतर भावोजींना पाठव.

सातही ऐकली. दुसऱ्यात ये. तिसऱ्यात, थंडी आहे, पांघरूण काढून घेतलं. चौथ्यात विचारलंय, ताई, तू रागावलीस का? सहाव्यात, उत्तर नको, नुसता कोरा कागद पाठव, म्हणजे मला कळेल की तू वाचलंस. सातव्यात अक्षरं थोडी होती, यंत्रही अडखळलं. ताई, तू येत नाहीस तर मीच येते.

टोप्या काढल्या. बाईंनी विचारलं, पत्र नीट समजलं का, कशाबद्दल आहे? चिमणी शेजारीच उभी होती, माझ्याकडे बघून हसत.

मी म्हटलं, बागेबद्दल. गुलाब फुललेत म्हणते.

पंचावन्न वर्षांनी तेच. जीभ आपोआप वळली. बाईंनी लिहून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

चिमणीने ते पत्र वाचलं. म्हणाली, आजी, यात बाग कुठे आहे? यात तर कुणी मुलगी कोंडलेली आहे. मी म्हटलं, अगं, कान गेले माझे. आयुष्यभर डोळ्यांवर ढकललं, आता कानांवर. नाक तेवढं उरलंय.

ती हसली, पण नेहमीपेक्षा थोडं उशिरा. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुपारी पुन्हा ते पान उघडलं. मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. बोटाने मोजली. आठ चित्रं होती.

परत मोजली. आठ.

चिमणीला बोलावलं. ती म्हणाली, अरेच्चा, हा कोरा कागद आहे, स्कॅन करताना चुकून गेलेला दिसतोय, काढून टाकते. ती चहा आणायला गेली तेवढ्यात मी कानाचं बटण दाबलं.

कोऱ्या कागदावर वाचण्यासारखं काही नसतं. तरी यंत्राने वाचलं. चिमटा लावलेला आवाज नव्हता तो. ‘र’ म्हणताना थोडी अडखळायची, तो आवाज.

ताई, काल तू बाईंना बाग सांगितलीस.

१० मार्च, सोमवार

तापाचं निमित्त करून घरी राहिले. पाटी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, आतून बोलायला लागली. कुणी बटण दाबलं नव्हतं.

नववं पत्र. ताई, पन्नास वर्षं लोक मला मजेत समजले. तू सांगितलंस म्हणून. आता तू चिमणीला माझी पत्रं वाचून दाखव. जशी आहेत तशी. नाहीतर तू माझी पत्रं वाचलीस, तशी मी तुझी लिहीन.

मी कपाटाला पाठ लावून बसले. तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिचं म्हणणं रास्त आहे, हेच तर—

पण चिमणी. बागवाली मावशीआजी ऐकत ऐकत झोपलेली ती पोर. तिला कसं सांगू, की तू ज्या गोष्टीला कुशीत घेऊन निजलीस ती एक मुलगी मरत असताना मी रचली. तिने माझ्याकडे एकदा त्या नजरेने पाहिलं की संपलं.

ती संध्याकाळी आली, कपाळावर हात ठेवला. ताप नाही म्हणाली. सांग म्हणाली, काय झालंय. दारं उघडी होती, ती ऐकायला तयार होती, चहा समोर होता.

मी म्हटलं, काही नाही गं. मजेत आहे.

११ मार्च, मंगळवार

वेबसाइटवर आता बारा. आठवं काढून टाकलं तरी बारा. चिमणीचा फोन आला, कोरे कागद येतच आहेत, कुणाला कळत नाही, सोशल मीडियाच्या पानावरही आपोआप जातात आणि लोक त्यावर बदाम देतात. हसत होती. मी नाही हसले.

दहावं. थंडी आहे ताई.
अकरावं. पांघरूण.
बारावं नुसता आवाज— कडी घालण्याचा. बाहेरून.

माझ्या खोलीला बाहेरून कडी नाही. मी उठून पाहिलं. दोनदा पाहिलं.

उद्या सांगणार. नक्की. तिच्या तोंडावर नाही जमणार, पाटीला सांगीन आणि बाण दाबीन. म्हणजे सांगितल्यासारखं होईल आणि तिचे डोळेही बघावे लागणार नाहीत. बघा, इथेही पळवाट. जन्माची सवय.

१२ मार्च, बुधवार

चिमणी दहाला गेली, सून त्याआधीच, घरात मी एकटी. सांगते. चिमणे, पत्र्याचा डबा माझा. पत्रं माझ्या बहिणीची. ती कोंडलेली मुलगी म्हणजे तुझी मावशीआजी. बाग नव्हती. कधीच नव्हती. मला वाचता येत नव्हतं आणि सांगायची लाज वाटली. त्या लाजेपायी ती—

कडी वाजली.

दार ओढलं. उघडत नाही. बाहेरून घातली आहे. ज्या दाराला कडी नाही त्याची—

खोलीत गारठा. ऊन आहे खिडकीत, तरी गारठा. पलंगावरची चादर आत्ता होती. आत्ता नाही.

चिमणे, आजचं पान आधी पाठवते, मागची मग. हे दिसलं की लगेच निघ. धावत ये. मला कोंडलंय. मी—

कानाचं बटण दाबून बघितलं, नीट लिहिलं ना. तिचा आवाज. तिने वाचलं, मी मजेत आहे.

नाही. असं नाही म्हणाले मी. परत सांगते. पाटी, लिही, दार बंद आहे, बागेत गुलाब फुलले आहेत— नाही— चिमणे, हे मी नाही, लवकर ये, मांजरीला तीन पिल्लं झाली— धाकटे, ऐक, चुकलं माझं, पाया पडते तुझ्या, सासूबाई माझे लाड करतात— चिमणे—

बाण दाबला.

चिमणे, मी अगदी मजेत आहे. आज लवकर येऊ नकोस. काळजी करू नकोस. बागेत गुलाब फुलले आहेत आणि इथे सगळे माझे