वरातीची घोडी शर्यतीत

१२ जानेवारी
चितेगावच्या पुढच्या यात्रेत घोड्यांची शर्यत आहे. बॅनर पाहिला. पहिलं बक्षीस एकावन्न हजार, प्रवेश फी पाच हजार. फी म्हणजे खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट. सगळ्यांची फी गोळा होते आणि जिंकणाऱ्याला मिळते. म्हणजे बाकीचे माझ्यासाठीच पैसे भरणार. लोकांना हे साधं गणित कसं कळत नाही?
घोडा नाही. किरकोळ अडचण.

१४ जानेवारी
अडचण सुटली. शहागंजच्या हबीबभाईंची पांढरी घोडी, शबनम, भाड्यानं ठरवली. ती लग्नाच्या वराती करते. पळवणार हबीबभाईच. ते म्हणाले, "साहेब, ही मिरवायची घोडी हाय, पळायची नाय." निगेटिव्ह माणसांचं ऐकायचं नाही, हा यंदाचा संकल्प.
पैसे बायकोच्या डब्यातून घेतले. सुरेखा दोन वर्षं शिवणकाम करून घरगुती गिरणीसाठी साठवतेय. तिला सांगितलं नाही. सरप्राइज बिघडतं.

१६ जानेवारी
सरावाला गेलो. शबनम वरातीत. उद्या नक्की.

१८ जानेवारी
सराव राहिला. फी भरायलाही उशीर, म्हणून कमिटीनं दोन हजार लेट फी घेतली. उत्तम. तेही बक्षिसातच जाणार, म्हणजे माझ्याकडंच येणार.
सुरेखाला डबा रिकामा सापडला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गिरणी नाय आली, तर दळण तुम्ही आणायचं." हसून हो म्हटलं.

२१ जानेवारी, सकाळी
मैदानावर. सातच घोडे आलेत. कमिटीचे तात्यासाहेब म्हणतात, वीस घोडे आले असते तर एकावन्न हजार. आता पहिलं बक्षीस पंधरा हजार. बॅनरवर खाली बारीक अक्षरात होतं म्हणे. फी परत मिळत नाही. हरकत नाही, घोडे कमी तर चान्स जास्त.

२१ जानेवारी, दुपारी
शबनम पळाली. खरंच पळाली. शेवटच्या वळणाला दुसरी होती. ओरडून माझा घसा बसला. तेवढ्यात पहिल्या घोड्यानं रेषा ओलांडली आणि कमिटीनं त्याच्या मानासाठी बँड सुरू केला. शबनम रेषेच्या अलीकडंच थांबली आणि नाचायला लागली. हबीबभाईंनी टाच मारली, विनवण्या केल्या. बाकीचे पाचही शेजारून निघून गेले. लोकांनी तिच्यावरून नोटा ओवाळल्या, त्या बँडवाल्यांनी घेतल्या. दोघांनी मोकळी तारीख विचारून हबीबभाईंना तिथंच लग्नाचं बुकिंग दिलं.
आमचा सातवा नंबर. पण विजेत्याच्या पंधरा हजारांत माझेही पैसे आहेत. तसा मीही विजेताच.
घरी हे कसं सांगायचं, ते सुचत नाही.

२ फेब्रुवारी
दळणाचा डबा खांद्यावर घेऊन बजाजनगरच्या चौकातून येत होतो. समोरून वरात आली. नवरदेव शबनमवर, लगाम हबीबभाईंच्या हातात. मला पाहून शबनम थांबली, मान हलवली आणि नाचायला लागली. डोळे भरून आले. एवढ्या गर्दीत तिनं ओळखलं मला. मुक्या जनावराला तरी माझी किंमत आहे.
हबीबभाई म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा. बँड तुमच्या मागं हाय."