गाडीखालून साष्टांग नमस्कार

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (यात अतिशयोक्ती नाही. या महिन्यातले अठरा दिवस मी तुझ्या गाडीखाली आठही अंगांनी आडवा होतो, फक्त उताणा.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, पण मी खोटे लिहिणार नाही. इकडे काहीही ठीक नाही आणि त्याला कारण तू आहेस.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो तेव्हा तू ही लाल टर्बोवाली गाडी माझ्या दारात आणून उभी केलीस, किल्ली हातावर ठेवलीस आणि म्हणालास, "आठवड्यातून एकदा फिरव, बाकी हिला काही लागत नाही." दादा, जिला काही लागत नाही अशी वस्तू मी आजवर एकच पाहिली आहे, ती म्हणजे दगड. त्याच दिवशी माझ्या बायकोने दारातच अट घातली, ती तूही ऐकलीस: गाडी जुनी आहे म्हणून काही बिघडले तर दुरुस्त करा, पण तुमच्या हातून काही मोडले तर दुसऱ्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरला. (हा डॉक्टर दर आठवड्याला "विकताय का?" म्हणून विचारतो. गाडीकडे बघतो तेही अशा नजरेने, की नुसती उपटायचीच बाकी आहे.)

तर गेल्या महिन्यात इंजिनातून टिक्-टिक् असा आवाज येऊ लागला. मग चढावर गाडीचा दम जाऊ लागला. टर्बो शिट्टी वाजवायचे सोडून उसासे टाकू लागला. तुला फोन केला तर तू जेवता जेवता निदान केलेस, की एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला आहे, आठ नट काढायचे, अर्ध्या तासाचे काम. मॅनिफोल्ड म्हणजे ते बिडाचे चार नळ्यांचे धूड, ज्यातून इंजिनाचा तापलेला धूर टर्बोत जातो, हे मला त्या दिवशी कळले. तोवर मी ते जन्मात पाहिले नव्हते आणि माझे काही अडलेही नव्हते.

आठ नट! पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याने मान टाकली. नटासकट अर्धा स्टड (म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) हातात आला आणि उरलेला अर्धा, भाडे थकवलेल्या भाडेकरूसारखा, इंजिनातच ठाण मांडून बसला. त्याला तेल पाजले, तापवला, गोंजारला, शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यावर दुसरा नट वेल्ड करून फिरवला, तेव्हा कुठे तो हलला. तुझा अर्धा तास कोणत्या घड्याळातला आहे ते उलट टपाली कळवावे.

सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचे नाव ऐकले आणि आधी मला बसायला खुर्ची दिली. तिथेच मी काय ते समजलो. ही गाडी बनायची केव्हाच बंद झाली, नवे मॅनिफोल्ड मिळणार नाही, जोडून घ्या, म्हणाला. म्हणून वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याला सगळे 'पाचमिनिट' म्हणतात, कारण कोणत्याही कामाला तो तेवढीच मुदत मागतो. त्याने खरोखरच पाच मिनिटांत जोडून दिले. मी विजयी मुद्रेने ते घरी आणून ओट्यावर ठेवले. आम्ही चहा घेत होतो तर 'टण्' असा आवाज झाला. जोड जागेवरच होता, त्याच्या शेजारी नवा तडा गेला होता. परत गेलो तर मलाच विचारतो, "मी जोडलेलं निघालं का? नाही ना?" असल्या तर्कापुढे देवानेही हात टेकावेत.

शेवटी ओतकामाच्या कारखान्यामागे एक म्हातारे कारागीर सापडले. त्यांनी तडा जोडायच्या आधी त्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोके पाडली. मी किंचाळलो. फाटलेला सदरा शिवायला द्यावा आणि शिंप्याने आधी त्याला दोन भोके पाडावीत? ते शांतपणे म्हणाले, "तडा इथं थांबतो. नाहीतर पुढं पळतो." मग मॅनिफोल्ड भट्टीत तापवून, गरम असतानाच जोडून, त्यांनी ते राखेत पुरले आणि उद्यापर्यंत कुणी राख उकरायची नाही अशी ताकीद दिली. बीड हळूहळू निवले तरच टिकते म्हणे. इथवर ठीक होते. पण जाता जाता त्यांनी मला विचारले, "गरम इंजिनावर गार पाणी मारलंत का हो?" मला फार राग आला. माणसाने आपले काम करावे. हाड बसवायला गेलो तर कुणाच्या झाडावर चढला होतात, असे डॉक्टर विचारतो का?

असो. परवा नवी गॅस्केट घालून सगळे बसवले. टिक्-टिक् गेली, चढावर शिट्टी परत आली. पण तू मला मुळातच तडकलेली गाडी दिलीस, एवढे तरी कबूल कर. लोभ आहे तसा राहू दे. राग मी माझ्याकडे ठेवून घेतला आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. : तडा मुळातला नव्हता. गेल्या महिन्यात चढ चढून आलो, गाडी चिखलाने बरबटली होती, म्हणून लगेच बॉनेट उघडून इंजिनावर बागेचा पाइप सोडला. 'फट्' असा आवाज झाला. मला वाटले, चिखल निघाला.

ता.क. दुसरा : घरात मी तुझे नाव सांगितले आहे, की तडा तुझ्याकडूनच आला. रविवारी ही तुला फोन करून विचारील. तू फक्त 'हो' म्हण. ही गाडी गेली तर दिवसभर मी काय करायचे, दादा, मला खरोखर कळत नाही.

ता.क. तिसरा (अक्षर वेगळं दिसेल) : भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. पाणी मारलं तेव्हा मी खिडकीतच होते, 'फट्' मीही ऐकलं. निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असायचे. आठवड्यातला एक तास गाडी, बाकी भिंत. हे अठरा दिवस मात्र सकाळी आवरून बाहेर पडत होते, जगाशी भांडून येत होते आणि भुकेने जेवत होते. परवा गाडी नीट झाली, कालपासून पुन्हा खुर्ची. रविवारी मी फोन करीन, तुम्ही 'हो' म्हणा, मी विश्वास ठेवीन. फक्त त्या गाडीत आणखी काय काय मोडू शकतं, आणि कशानं, तेवढं मला ह्यांच्या नकळत लिहून पाठवा.