ठिणगीची चोवीस पुस्तके आणि एक बंद पाकीट

मी, मंजुळा इंद्रभान खोडवे, वय चोवीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, एवढाच दोष आहे. तिच्या ऑपरेशनसाठी येत्या वीस तारखेला नागपूरला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. एकदाच सांगितले असते तर हा कागद कदाचित लिहिला नसता.

माझी आई झुंबरबाई हिला हे लिहिणे अशुभ वाटते. "बाई, जायच्या आधीच काऊन वाटे करून राह्यली?" असे तिने विचारले. मी म्हटले, सुट्टी लागण्याआधी वर्गाची किल्ली मुख्याध्यापकांकडे देतेच ना, तसेच हे. ती चुलीकडे गेली. तिची हरकत नाही असे समजावे.

कलम १. घर आणि भाजीचा मळा वडिलांचा आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही. विहिरीजवळचे लिंबाचे झाड मी लावले असे सगळे म्हणतात. ते माझ्या थोरल्या भावाने, रामरावदादाने लावले. मी फक्त पाणी घालत होते.

कलम २. पोस्टातली शिल्लक आईला द्यावी. तिने ती स्वतःसाठी वापरावी, बियाण्यात घालू नये. मनगटी घड्याळ दादाला द्यावे. त्याला आकडे वाचता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्याची मुलगी कोकिळा शिकवील.

कलम ३. माझ्या पत्र्याच्या पेटीत 'सप्तवीर' या चित्रकथेचे चोवीस अंक आहेत. सात जणांचे पथक आहे; कोणी पहाड उचलतो, कोणी भिंतीपलीकडचे पाहतो. सर्वांत लहान ठिणगी. तिच्या तळहातांतून उजेड निघतो, पण सुरुवातीला तो तिच्या ताब्यात नसतो. पहिल्या अंकात ती अकरा वर्षांची आहे आणि इतरांचे सामान वाहते. चोविसाव्यात पथक तिच्या मागून चालते. हा सर्व संच मी कोकिळेला देते. ती बारा वर्षांची आहे.

संच मी विकत घेतलेला नाही. माझ्या लहानपणी वामनराव किराणावाले या अंकांच्या रद्दीत जिरे-हळद बांधून देत. घरात मीच एकटी वाचणारी, त्यामुळे पुडा रिकामा झाला की कागद माझा. रद्दीच्या गठ्ठ्यात नवे अंक वर आणि जुने खाली होते, म्हणून आमच्या घरी ठिणगी आधी पथकाची प्रमुख झाली आणि मग दर बाजाराला लहान होत गेली. आई म्हणे, "हे पोरगी तं उलटीच वाढून राह्यली!" हळद संपायची वाट आम्ही दोघी पाहत असू.

कलम ४. वामनरावांनी एकदा माझ्या डोळ्यांदेखत विसाव्या अंकाचे शेवटचे पान चार तुकडे करून चार गिऱ्हाइकांना हिंग बांधून दिला. मी तीन घरी जाऊन तुकडे मागून आणले. चौथे गिऱ्हाईक परगावचे होते. ही गोष्ट मी विसरलेली नाही. वामनराव या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे मेहकरच्या अर्जनविसाने सांगितले. नाहीतर त्यांना मी कात्री ठेवली असती.

कलम ५. जी पाने मिळाली नाहीत ती मी वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढून मध्ये शिवली. अशी एकतीस पाने आहेत. त्यांवर कोपऱ्यात मी 'मं' लिहिले आहे, म्हणजे पुढे कोणी छापील समजू नये. फक्त सतराव्या अंकाच्या शेवटी आणि अठराव्यात 'मं' लिहिलेले नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. त्या पानांत मी असे काढले, की कोसळलेल्या बोगद्यात लोक अडकतात, ठिणगी एकटी आत जाते आणि तिच्या उजेडात सगळे बाहेर येतात. कोकिळेने विचारले तेव्हा ही पाने छापील पुस्तकावरून उतरवली असे मी सांगितले; ते खरे वाटावे म्हणून 'मं' लिहिले नाही. पुढे मलकापूरला शिकायला असताना स्टेशनवरच्या दुकानात ते दोन्ही अंक मिळाले. खऱ्या कथेत बोगद्यात ठिणगीच्या हातातून उजेड निघतच नाही. बाकीचे सहा जण चाचपडत लोकांना बाहेर काढतात. पथकप्रमुख तिला सांगतो, घरी जा, पुढच्या वर्षी पहिल्या धड्यापासून ये. अठराव्या अंकात ती परत येते आणि शिकायला आलेल्या लहान मुलांत बसते. मी ते अंक पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवले. कोकिळेला माझीच ठिणगी आवडत होती.

एक मे रोजी कोकिळा पाचवीत नापास झाली. "मले नाई जायचं आता शाळेत. ठिणगी कधी नापास झाली काय?" असे ती म्हणाली. दादा म्हणाला, "राहू दे, मळ्यात वांगे तोडाले येईन." मी तेव्हा पेटी उघडली नाही. सबब, माझ्या मृत्यूनंतर ते पाकीट कोकिळेने उघडावे.

कलम ७. वरचे कलम काल लिहिले. आज वाचताना त्यातली चूक दिसली. मी मेले तर कोकिळेला खरे कळेल आणि बरी होऊन परत आले तर कळणार नाही. शिवाय शाळा सव्वीस तारखेला उघडते. म्हणून दुपारी तिला बोलावून पाकीट तिच्या हातात दिले.

तिने दोन्ही अंक उभ्यानेच वाचले.

"आत्या, तू मले फसवलं."

"हो."

"मंग वापस आल्यावर ते लहान्या पोराइसंगं बसली?"

"बसली."

"हसले काय तिले?"

"पहिल्या पानावर हसले."

"अन् दुसऱ्या?"

"तूच वाचलंस ना आत्ता."

तिने ते दुसरे पान पुन्हा उघडून पाहिले; तिथे कोणी हसत नव्हते. माझी पेन्सिल घेतली आणि 'मं' नसलेल्या प्रत्येक पानाखाली 'हे आत्याने काढले, खोटे आहे' असे लिहिले. नऊ पानांवर लिहिले. मग म्हणाली, "बोगदा मातर चांगला काढला तू." दप्तर कुठे आहे ते तिने आजीला विचारले.

सबब कलम ६ मधील शेवटचे वाक्य रद्द. वस्तू माझ्या हयातीत पोचली. त्यावरची आडवी रेघ माझ्या हातची आहे.

कलम ८. सव्वीस तारखेला मी दवाखान्यात असेन, किंवा नसेन. कोकिळेला पुन्हा पाचवीत बसायचे आहे, तिच्याहून लहान मुलांत. दादाने तिला शाळेच्या दारापर्यंत सोडावे. त्या दिवशी मुले हसतील. दुसऱ्या दिवशीही सोडावे.

हा कागद मी साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

डोणगाव, दिनांक १४ जून १९६९

मंजुळा इंद्रभान खोडवे

साक्षीदार:
१. वामनराव, किराणा दुकानदार. (कलम ४ ऐकले. हिंगाचे आठवत नाही, पण असेल. सही केली.)
२. भगवंतराव, मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, डोणगाव.

दादाला कलम ८ वाचून दाखवले. तो म्हणाला, "दोनच दिवस काऊन? तू येईपर्यंत सोडतो." त्याच्या सांगण्यावरून तसे लिहिले. रामराव इंद्रभान खोडवे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.