नमुना या शब्दाचा चांगला अर्थ

बाबा, काल गृहपाठ करताना तुमच्या नातीने मला ‘आदर्श’ला समानार्थी शब्द विचारला. मी ‘नमुना’ सांगितला. ती वहीतून मान वर करून म्हणाली, “आई, नमुना म्हणजे कार्टून. वर्गात हसतील सगळे.” मी शब्दकोश उघडून दाखवला, त्यात नमुन्याचा अर्थ आदर्श असा स्पष्ट दिलाय. तरी तिने ‘मानदंड’ लिहिलं. वर्ग हसतो की नाही, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुम्हाला लिहायला बसले.

आपण वाशीला राहायचो तेव्हा तुम्ही जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात नळाच्या तोट्या तपासायचात. दिवसभर तोट्या मापून मन भरायचं नाही म्हणून घरी चपात्या मापायचात. ताटात पडलेली चपाती पट्टीने आडवी-उभी मापून आईला शांतपणे सांगायचात की ही एका बाजूला अर्धा सेंटिमीटर जास्त आहे. आई लाटणं न थांबवता म्हणायची, “काय नमुना पदरात पडलाय.” तुम्ही खूश. कारण तुमच्या खात्यात नमुना म्हणजे साहेबाने सही करून पास केलेली तोटी. ती काचेच्या कपाटात, कुलपात. बाकीच्या सगळ्या तोट्या तिच्याशी ताडून बघायच्या. बायको आपल्याला इतक्या वर मानते, हे तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात.

सातवीत बाईंनी ‘माझा आदर्श’ हा निबंध दिला. बाकीच्या मुलींनी थोरामोठ्यांवर लिहिलं. माझी पहिली ओळ होती, ‘माझे बाबा म्हणजे एक नमुना आहेत.’ पुढे चपात्या, पट्टी, पाहुण्यांच्या चपला एका रेषेत लावणं, सगळं आलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाईंनी वहीत शेरा मारला, पालकांनी येऊन भेटावे.

तुम्ही अर्धी रजा टाकून आलात. शर्टाला ऑइलचा डाग, खिशात पट्टी. मी दाराशी उभी आहे. बाई म्हणतात, मुलीने वडिलांची टिंगल केली, तिने वर्गासमोर माफी मागावी. तुम्ही बोट ठेवून, ओठ हलवत निबंध शेवटपर्यंत वाचता आणि वही बाईंसमोर ठेवता.

“यात खोटं काय आहे, बाई? आमच्याकडे नमुना कुलपात ठेवतात. तिने शब्द बरोबर वापरलाय, माफी कशाची मागायची?”

मग टेबलावरचं डस्टर उचलून, समजा हा नमुना, अशी सुरुवात करून तुम्ही बाईंना कपाट, सही, कुलूप सगळं समजावलंत. मधली सुट्टी संपून गेली. शेवटी बाईंनी शेरा खोडला. जाताना तुम्ही मला एकाच गोष्टीवरून रागावलात, समास वाकडा आखलाय म्हणून. खिशातली पट्टी माझ्या हातात दिलीत. संध्याकाळी ती पहिली ओळ तुम्ही आधी आईला, मग मजल्यावरच्या चारही घरांत वाचून दाखवलीत. आईने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

बाबा, निबंध लिहायच्या आधी, त्याच आठवड्यात माझी मैत्रीण जेवायला आली होती आणि तुम्ही तिच्या ताटातली चपाती मापली होतीत. दुसऱ्या दिवशी तिने ते शाळाभर केलं. त्या रागात मी निबंध लिहिला. शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. तुम्ही होतात तोवर हे सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता हा कागद पाठवायचा कुठे. मी नमुना लिहिलं ते आईच्याच अर्थाने. तुम्ही डस्टर हातात धरून बाईंना समजावत होतात, तेव्हा दाराशी उभं राहून मी तो अर्थ बदलला.