नंबर धरणारी धरित्री

२ एप्रिल १९७३, पारनेर
निश्चय पक्का. चित्रं बंद. (रंग कालवायला पाणी नाही, हे कारण नव्हे.) मुंबईच्या मासिकात वाचलं, आता कलावंताचं शरीर हेच चित्र. त्याला ‘हॅपनिंग’ म्हणतात. तालुक्यातलं पहिलं माझं. नाव ‘धरित्री’; गळ्यात तशी पाटी. लुगडं नेसून, तोंडावर पदर ओढून, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन मी आटलेल्या आडापाशी उभा राहणार. मौन. हालचाल शून्य. बाई मीच, माती मीच. मिशी ठेवणार. ती मराठी अस्मिता.
पुण्याच्या समीक्षकांना कार्ड टाकलं.

३ एप्रिल
बायकोकडे, मनकर्णेकडे, लुगडं मागितलं. पोरांना ड्रॉइंग शिकवून डोकं फिरलं का, म्हणाली. मग म्हणाली, आडावर जाताच आहात तर हंडा भरून आणा, टँकर तिथंच येतो. लायनीत उभं राहून तिची कंबर धरली आहे. तिला प्रतीक समजावलं. तिनं कंबर दाखवली.

५ एप्रिल
प्रचंड यश! शेजारच्या केशरबाईनं पदर उचलून पाहिला. ‘अगं बया, ड्रॉइंगमास्तर!’ गळ्यातली पाटी बोट फिरवत वाचली. ‘धरित्री व्हय? मंग धरा की आमचा बी नंबर.’ कळशी पायाशी ठेवून घरी गेली. मौनामुळे नाही म्हणता येईना. प्रेक्षकांचा एवढा सहभाग मुंबईतही नसेल.

७ एप्रिल
सहभाग वाढला. भोवती कळश्याच कळश्या. पाटी केशरबाईनं चुलीला नेली. टँकर आला, सगळ्या भरून गेल्या. मी हललो नाही. मनकर्णेनं रिकाम्या हंड्यात डोकावून पाहिलं. शेजारून तांब्याभर मागून आणलं.
उद्या हंड्यापुरतं हलावं का? छे. कलेत तडजोड नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ
समीक्षक आले! उन्हामुळे लायनीतल्या सगळ्याच बायकांचे पदर पुढं. ते नेमके माझ्यापुढं थांबले. ‘बाई, ते कलावंत कुठं भेटतील हो?’
मौन. पदराआडून डोळे मिचकावले. पदराआडून.
केशरबाई म्हणाली, ‘मुकी हाय ती, पाव्हनं. आन् लायनीत घुसू नगा.’
ते निघून गेल्यावर मौन सोडलं. लुगडं वर खोचून स्टँडवर पळालो. एसटी गेली होती.

१३ एप्रिल
मनकर्णेला आज अंथरुणातून उठताच येईना. घरात थेंब नाही. ठरवलं, कला गेली खड्ड्यात. पँट-शर्ट घालून, माणसासारखा हंडा घेऊन आडावर गेलो.
केशरबाईनं अडवलं. ‘ही बायांची लाईन हाय, मास्तर.’ म्हटलं, अहो, तुमचे नंबर धरणारी ती मीच! म्हणाली, ‘ती बाई लई गरीब हुती. तिचा नंबर हाय. तुमचा न्हाई.’
घरी आलो. मनकर्णा हसली नाही. पडल्या पडल्या उशाखालचं लुगडं काढून दिलं. पदर नीट ओढा, म्हणाली, मिशी दिसते म्हणे.