आधी पोरीचं काढ

जठारपेठ, अकोला
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

रागिणी,

तू बरी असशीन. आमी आहो तसे आहो. घरच्यायले नमस्कार सांग. तुह्या सासूले नाई सांगितला तरी चालते.

मी देवका, वर्षालीची माय. तू आता नितेशची बायको हाय, माही पोरगी त्याची पहिली होती, खुशीची माय. तुह्या लग्नाले मी आली नाई, म्हणून आपली तोंडओळख नाई. परवा तुहा फोन आला. "आई, खुशी काय काय खाते?" असं इचारलं, अन् फोन बंद झाला. रेंज गेली नव्हती. मीच ठेवला. फोनवर मले भांडता येते, दुसरं काही येत नाई. चौथी शिकली हाय, येते तसं लिहून राहिली. अक्षराले हसू नको.

खायचं सांगतो, नीट आयक.

लेकरासाठी वेगळा सयपाक मांडायचा नाई. दोन दिवस हौस राहते, तिसऱ्या दिवशी कंटाळा येते. घरात शिजते त्याच्यातूनच तिचं. मुगाची डाळ अन् तांदूळ धुवून भिजू दे, हळद टाक, शिजव. कुकरच्या शिट्ट्या मोजू नको. बोटानं दाबला तं दाणा पसरला पाहिजे. मंग आधी पोरीचं वाटीत काढ. तूप टाक, घोट. बाकीच्याले मंग मीठ-मिरची-लसणाची फोडणी दे. नितेशले तिखट लागते, त्याले वरून ठेचा वाढ. पण आधी त्याच्या जिभेचं करशीन अन् तेच पाण्यात धुवून पोरीले देशीन, तं मले चालणार नाई. आधी पोरीचं, मंग फोडणी.

सकाळी जवारीच्या कण्या. बारीक भरड पाहिजे. हालवत राह्य, नाई तं बुडाले लागतात. इवलासा गूळ. कोहळ्याची फोड भातावरच ठेवून दे, तिथीच उकडते. आमची भाजीची गाडी हाय, कोहळं घरात असतेच. बिस्कीट चहात बुडवून देऊ नको. तुही सासू देते, मले माहीत हाय. पोरीनं मान फिरवली तं थांब, कोंबू नको.

आता तू म्हणशीन, म्हातारीनं एवढं लिहिलं, पण खुशी याच्यातलं काय खाते ते सांगितलंच नाई.

काहीच नाई खात. दूध अन् डाळीचं पाणी.

वर्षाली गेली तवा पोरीचं बारसं सुदा झालं नव्हतं. आंगणवाडीच्या बाईनं नाव इचारलं तं अमोल, माहा पोरगा, 'खुशी' म्हणून मोकळा झाला. त्या घरात, त्या दिवसात, खुशी. तवाच चार लोक बसले अन् ठरलं, की उष्टावण इथी मामाच्या हातानं होईन, अन् मंग पोरगी बापाकडे. मी मान हालवली. त्या दिवशी मी कायलेही मान हालवली असती.

पोरीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करतात. पाचवा लागला, मी खीर केली, अन् मामाच घरी नाई. सांजीले आला. म्हणे, "माय, मी घास भरवला की बाप पोरीले नेईन. मी नाई भरवत, जाय." सहावा पोरीले चालत नाई. सातव्यात पुन्हा तेच. मी त्याले शिव्या देल्या. लय देल्या. अन् खीर शेजारी वाटून टाकली. आतून मले बरं वाटे, हे त्यालेही माहीत होतं.

आंगणवाडीची बाई वजन करून म्हणे, "मावशी, पोरगी कार्डावर पिवळ्या पट्ट्यात गेली. लाल व्हायची वाट पाहता का?" मी म्हटलं, तुहा काटाच बिघडला हाय.

काटा बिघडला नव्हता.

तुहा फोन आला त्याच दुपारी मी भाकर अन् बेसनाचं चुन घेऊन बसली होती. खुशी रांगत आली अन् ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला. चुन झणझणीत. डोळ्यातून पाणी चाललं, नाक वाहे, पण तुकडा सोडे नाई. मी काढाले गेली तं माह्या बोटाले चावली. रडे अन् चोखे, रडे अन् चोखे. अमोल दारात उभा होता. म्हणे, "माय, हे उपाशी हाय व."

तेवढंच बोलला. मंग त्यानं सांजीले गाडी काढलीच नाई. वांगे तसेच सुकले.

वर्षालीले वर्ष व्हायचं हाय अजून, अन् तिच्या चुलीपाशी तू उभी हाय. तुहा दोष नाई. नितेशचा हाय, पण हे त्याच्यासाठी लिहिलं नाई. पोरगी काय खाते हे त्यानं कधी इचारलं नाई. तू इचारलं.

भाऊबीजेले अमोल दरसाली वर्षालीकडे अमरावतीले जाये. औंदाही येईन. खुशीले घेऊन येईन. तू डाळ-तांदूळ शिजवून ठेवजो, सांगितले तसे. तुह्या घरी, तुह्या हातचा घास, मामाच्या बोटानं. मंग तो एकटा निघीन, त्याले थांबवू नको. रडला तं पाहिलं नाई असं कर. ओवाळशीन का नाई ते तुह्यावर. पिशवीत तूप देतो, घरचं हाय. मी येत नाई.

लोकं म्हणतात, पहिलीच्या मायनं दुसरीले लेक मानावं. माह्यानं अजून होत नाई, खोटं काहून लिहू? पोरीचे हातपाय भरू दे, मंग पाहू.

रोज सांजीले फोन करजो. तुहं काही सांगू नको, माहं इचारू नको. पोरीनं काय खाल्लं तेवढं सांगजो.

या खेपेले ठेवणार नाई.

खुशीची आजी,
देवका