बाळंतिणीच्या खोलीतला कुलर

॥ श्री ॥
रिठद, ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निकितास, आजीचा हात तुह्या डोक्यावर. वि. वि.

तुले सातवा लागला हे ऐकून मले इतका आनंद झाला का मी सोजरबाईले घरी बोलावून चहा पाजला, आणि तिनं दुसऱ्यांदा साखर मागतली तरी काही म्हटलं नाही. तुले आणि लेकराले न्हाऊ घालायले तीच येणार आहे. तिचे हात लई चांगले, तोंड तेवढं चालते. माही शाळा चौथीपर्यंतच, लिहितांना ओळ उताराले लागते, पण फोनवर बोललं का सारं घर ऐकते. आणि फोन तुह्या आबाजीच्या हातातून सुटला तर ना. म्हणून कागद.

माह्या मऊ लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवून झाल्या. डिंक, खारीक, गोडंबी आणून ठेवली. परसातली खोली तर तुह्यासाठीच बांधली, स्लॅबची, फरशीची, लागून न्हाणी. तुही माय राखी जुन्या कुडाच्या खोलीत बाळंत झाली. भिंतीले ओल होती. सव्वा महिन्याच्या आत ती गेली. पहिलटकरणीसाठी कोरडी खोली पाहिजे, हे मी तेव्हाच मनात धरलं होतं.

आता घाण वाटेल अशी गोष्ट. त्या खोलीत बैल आहेत.

तुह्या आबाजीनं बहात्तराव्या वर्षी पटाची जोडी घेतली. सरदार आणि मोत्या. शर्यतीच्या पटावर बैलायनं छकडा घेऊन पळायचं आणि लोकांनी घड्याळ पाहायचं. दहा-बारा सेकंदाचा खेळ आणि दोन लाख ऐंशी हजाराचे बैल. गोठ्यात मच्छर चावते म्हणून खोलीत बांधले, खाली रबराची चटई. तू पहिल्या पगाराचा माह्यासाठी कुलर धाडला होता ना, तो त्यायच्या तोंडासमोर लावला. मी दारात उभी राह्यली तर मोत्यानं माह्याकडे असं पाह्यलं जसं मीच पाहुणी.

तिखट कमी खाय. जावईबापूले आशीर्वाद सांग. जीव लावून ठेव.

तुही आजी
मनकर्णा

---

पुणे, ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की बाळानं आतून लाथ मारली. पण नंतर काळजी वाटली. सासूबाई रोज विचारतात, तिकडे खोली कशी आहे, दवाखाना किती लांब आहे. त्यांच्या मनात बाळंतपण इथेच करायचं आहे. मला तुझ्याजवळ यायचंय, आजी. पहिल्यांदा असं काहीतरी होतंय ज्याची मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मला तुझ्या पदराचा वास आठवतो. शेवटी असं ठरलं की ऋषिकेश ९ मार्चला, रविवारी, येऊन खोली बघेल. त्याला पटली तर मी येईन, नाहीतर नाही. बैलांचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आबाजींनी हौसेचा खर्च कुठे लिहिला आहे का? आम्ही दोघं मोबाईलमध्ये लिहितो. प्रत्येकाला महिन्याला तीन हजार, हौसेचे. आता हे तू कोणाला सांगू नकोस. ऋषिकेशनं एक लाख वीस हजाराची सायकल घेतली आणि ती दवाखान्याच्या खात्यात टाकली. म्हणाला, व्यायामच आहे ना. मी तीन दिवस बोलले नाही. तू कॅलेंडरवर मांडून बघ. आकडा डोळ्यांसमोर आला की माणूस वरमतो, असं वाटतं तरी.

एक विचारू? आबाजींना आयुष्यात कसलाच नाद नव्हता. मी त्यांना कधी पत्ते खेळतानाही पाहिलं नाही. मग आत्ताच हे कुठून आलं?

गुडघ्याला तेल लाव. पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी
निकिता

---

॥ श्री ॥
रिठद, ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निकितास, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

लाखाची सायकल, आणि तिले पेट्रोल नाही का काही नाही, पाय आपणच मारायचे. मले वाटलं येडेपणा आमच्याच घरी आहे. असो, जावई आहेत, मी काही बोलली नाही असं समज.

तुह्या सांगण्यावरून कॅलेंडरवर लिहून राह्यली. बदाम, रोज पावशेर. दूध चार लिटर. तूप. हेमसिंग धुरकऱ्याची मजुरी. धुरकरी म्हणजे छकड्यावर बसून बैल पळवते तो. चाळीस वर्षाचा बाप्या, पण बैलाशी असा लाडात बोलते का मले लाज वाटते. आणि लिहितांना हाताले घाण वाटते ती गोष्ट म्हणजे अंडी. रोज वीस. ज्या घरात माह्या सासूच्या काळापासून टरफल आलं नाही, तिथं हे माह्या दूध तापवायच्या पितळी गंजात अंडी फोडून दुधात फेटून राह्यले आणि नळीनं बैलाले पाजून राह्यले. गळ्यात माळ स्वतःच्या. मी म्हटलं तर म्हणतात, माळ माह्या गळ्यात आहे, सरदारच्या नाही. गंज मी राखेनं तीन वेळा घासला, तरी वास जात नाही. शेवटी तो बैलायलेच देऊन टाकला.

चार दिवसाच्या हिशेबावरून महिन्याचा आकडा सत्तावीस हजार चारशे आला. कॅलेंडर त्यायच्या तोंडासमोर धरलं. वरमले नाही बाई. चष्मा लावून पाह्यलं आणि म्हणाले का ही हौस नाही, हे नाव आहे, नावाचा खर्च वेगळा असते. मग उलटे मलेच म्हणतात का तुह्या डब्यायचंही लिही. माह्याजवळ स्टीलचे चौसष्ट डबे आहेत, सारे नाव घातलेले, जत्रेतून एकेक आणलेले. त्यातले चाळीस रिकामे आहेत, हे त्यायनं मोजलं कधी कोण जाणे. पण डबे म्हणजे संसार, ती काही हौस नाही.

खोली खाली करा म्हटलं तर दोन मार्चचा आसेगावकडचा पट होऊ द्या म्हणतात. मी त्यायच्यासाठी गरम भाकर टाकणं बंद केलं. सकायचीच वाढून राह्यली. गुपचूप खातात. त्याचाच जास्त राग येते.

नाद कुठून आला ते विचारू नको. त्यायच्याजवळ पह्यलेही पटाची जोडी होती, तू पाह्यली नाही. ते मग कधी.

पाय वर करून बसत जा. इकडची ओढ कमी होऊ देऊ नको.

तुही आजी
मनकर्णा

---

॥ श्री ॥
रिठद, ता. ४ मार्च २०२५

चि. सौ. निकितास, आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस.

मले राहवलं नाही, मी डिंकाचे लाडू आधीच केले. एकशे एक. म्हटलं जावई येतील तर चार त्यायच्या हातावर ठेवू, आणि एप्रिलमध्ये तुह्यासाठी ताजे करू. तुह्या नावाच्या मोठ्या डब्यात भरले. थंड जागा घरात एकच, कुलरची. म्हणून डबा त्या खोलीतल्या फडताळावर ठेवला. माहं चुकलं ते एवढंच.

पटाच्या दिवशी सकाळी हेमसिंगनं डबा पाह्यला. बैलाच्या खोलीतला डबा, तो बैलाचाच असणार. तोही रोज उडदाच्या पिठाचे आणि गुळाचे गोळे करते, त्याले वाटलं मालकानं आज तुपातले केले. एकशे एक लाडू त्या दोघायनं खाल्ले. डिंक, मेथी, गोडंबी, सारं. इतकी गरम वस्तू बाळंतीण दिवसाले एक खाते.

मी पण गेल्ती पटाले. सोजरबाई म्हणाली, सवतीचं तोंड तरी पाहून येऊ. ऑटोनं गेलो. धूळ, भोंगे, तंबाखूच्या पिचकाऱ्या, आणि एकेका फेट्याखाली बायकोचं सोनं मोडून आलेला बाप्या. मले शिसारी आली. तुहे आबाजी मात्र नवं धोतर नेसून उभे, लग्नातही एवढे ताठ नव्हते. झेंडी पडली, जोडी सुटली. खोटं कायले लिहू, पहिला अर्धा पट बैल दिसलेच नाही, नुसती धूळ पळाली. आणि मग पटाच्या मधोमध सरदार थांबला. शेपूट वर केली. पुढचं मी लिहीत नाही, पण हेमसिंगले घरी येऊन दोनदा आंघोळ करावी लागली. मोत्या उभ्याउभ्या सुरू झाला. हजार लोकं हसले. माइकवरचा बोलला का रिठदच्या जोडीनं पट सारवून दिला.

मीही हसली असती, पण तुहे आबाजी दुपट्ट्यात तोंड घालून खाली बसले आणि उठेच ना.

घरी आल्यावर डबा पाह्यला तेव्हा मले समजलं. सांगितलं त्यायले. बैलायले डॉक्टर आणला, बरे आहेत. खोलीचा वास मात्र तुले कागदातून येईल म्हणून लवकर घडी करून राह्यली. दोन दिवस झाले, हे जेवत आहेत पण बोलत नाहीत. काल एवढंच म्हणाले का शुक्रवारी जोडी बाजारात नेतो. मले बरं वाटायले पाहिजे होतं ना वं.

जपून राह्य, आणि आठवण आली का दोन ओळी टाक.

तुही आजी
मनकर्णा

---

पुणे, ता. ८ मार्च २०२५
(ऋषिकेशच्या हाती)

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ऋषिकेश देईल. लाडवांची गोष्ट मला त्याला सांगावी लागली. मी एकटीच हसत होते आणि त्याला वाटलं कळा आल्या. सासूबाईंना अजून माहीत नाही. त्यांनी त्याला बजावून पाठवलंय की गोठ्याचा वास जरी आला तरी सरळ परत ये.

तू लिहिलंस की आबाजी शुक्रवारी जोडी बाजारात नेणार होते, म्हणजे काल. माझ्या खोलीसाठी नेली असेल तर परत आणायला सांग, आजी. मी इथेही बाळंत होईन, जगातल्या बायका होतातच. पण त्यांची ती पहिली जोडी कुठे गेली, ते तू मला अजून सांगितलं नाहीस. या वेळी टाळू नकोस.

डोळ्यांत तेल घालून वाट बघतेय तुझ्या उत्तराची.

तुझी
निकिता

---

॥ श्री ॥
रिठद, ता. ९ मार्च २०२५

चि. सौ. निकितास, आजीचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

जावईबापूची गाडी संध्याकाळची आहे, तोवर लिहून राह्यली. ते बाहेर निंबाखाली सरदारजवळ बसले आहेत. हो, सरदार आहे. सांगते.

शुक्रवारी सकाळी मॅटाडोर आली, जोडी चढवली. मी दारातून पाहून राह्यली होती. तुहे आबाजी डायवरले म्हणाले का येतांना रिकामी आणू नको, जऊळक्याच्या एका माणसाजवळ गाय पाह्यली आहे, पहिल्या वेताची, ती घेऊन यायचं. घरात लेकरू येणार आहे.

मग मले राहवलं नाही. तशीच एका पायात चप्पल घालून गाडीपुढे उभी राह्यली.

तू सव्वा महिन्याची असतांना राखी गेली. तुहा बाप वर्षाच्या आत दुसरीच्या घरी गेला. तुले वरचं दूध पचे ना, डॉक्टरनं एकाच गाईचं दे म्हटलं. त्या वर्षी तुह्या आबाजीची जोडी चार तालुक्यात पहिली होती. हिऱ्या आणि पाखऱ्या. लोकं चहा पाजून त्यायले थांबवत. हे एका सकाळी जोडी घेऊन गेले आणि कपिला घेऊन आले. जिचं दूध पिऊन तू उभी राह्यली तीच कपिला. जोडी कुठे, असं मी विचारलं नाही, यायनं सांगितलं नाही. त्यानंतर सव्वीस वर्ष हे कोणत्या पटाले पाहायलेही गेले नाही. मधात पटायवर बंदी आली तर मले वाटलं बरं झालं, आता दुखणार नाही. हे कॅलेंडरच्या कोणत्या खान्यात लिहू तूच सांग, तुह्या मोबाईलमध्ये असं खानं असेल तर.

गाडीसमोर मी त्यायले म्हटलं, "या वेळी लेकराची माय जिवंत आहे. गाय कायले पाहिजे?"

डायवर पाहत होता, सोजरबाई पाहत होती. हे मागं गेले आणि फळी खाली केली.

तेव्हापासून तिघं मिळून खोली धुवून राह्यलो, हे, मी आणि हेमसिंग. फिनेल, शेण, चुना, परत फिनेल. जावयानं दारात उभं राहून नाकानं दोन वेळा श्वास घेतला, त्यायच्या मायनं सांगितलं तसा. फोटो काढले आणि फर्स्टक्लास म्हणाले. मग बाहेर गेले ते आतापर्यंत आले नाही. सरदार किती सेकंदात जाते, मोत्याले काय खाऊ घालता, सारं विचारून राह्यले. मघाशी ऐकलं तर ते आणि तुहे आबाजी ठरवून राह्यले का पुढच्या वर्षी जावयाकडून महिन्याले हजार रुपये जोडीच्या खुराकाले, आणि ते बाळंतपणाच्या खात्यात लिहायचे. मले ओकारी येते या पुरुषायची.

माह्या अटी मी सांगून ठेवल्या आहेत. बैल गोठ्यात. बदाम आठवड्यातून दोनदा. अंडी परसाच्या पार फोडायची आणि टरफलं उकिरड्यात पुरायची. कुलर तुह्याजवळ. डबे किती आहेत ते कोणी मोजायचं नाही. पासष्टावा मी काल घेतला, लेकराच्या नावासाठी जागा कोरी ठेवली आहे.

लाडू परत करून राह्यली. डबा माह्या उशाशी राहील.

एप्रिलच्या आत ये. आजपासून मी गरम भाकर टाकून राह्यली, आणि तू येऊन जेवशील तेव्हाच माहं पोट भरेल.

तुही आजी
मनकर्णा